थोरल्याची पिवळी काच

१

थोरल्याची पिवळी काच गेल्याचं काकांच्या लक्षात आलं तेव्हा दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते शांतपणे उठले, खोलीचं लोखंडी दार ओढून घेतलं, गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या किल्लीनं आतून कुलूप लावलं आणि मग म्हणाले, "फिल्टर सापडेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही."

आत पाच माणसं होती आणि त्रेसष्ट कॅमेरे. कॅमेऱ्यांची सोय उत्तम होती, माणसांची नव्हती. ऊन लागलं की चामडं तडकतं, म्हणून खोलीला खिडकी नव्हती. दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, म्हणून हवा कोरडी ठेवणारं एक यंत्र कोपऱ्यात रात्रंदिवस घुं घुं करत असे. बसायला दोन स्टुलं होती. आणि दाराशी, आत शिरणाऱ्याच्या बरोबर नाकासमोर, काकांच्या वळणदार अक्षरातली पाटी : 'हात धुतलेत?'

त्रेसष्ट कॅमेऱ्यांत दोनच असे होते की ज्यांना काका नंबरानं हाक मारत नसत. एकाच कारखान्यातले, एकाच घाटाचे; आधीचा तो थोरला आणि दहा वर्षांनी निघालेला तो धाकटा. थोरला म्हणजे काकांच्या संग्रहातला पहिला. आज पाच वाजता एका संग्रहालयाची गाडी येऊन अख्खा संग्रह घेऊन जाणार होती. काका लहान घरात राहायला जाणार होते आणि तिथं त्रेसष्ट पाहुण्यांना जागा नव्हती. संग्रहालयाची अट मात्र कडक. प्रत्येक कॅमेरा त्याच्या स्वतःच्या फिल्टरसकट हवा, एक जरी उणा असला तरी गाडी रिकामी परत जाईल.

"कुणाकडे असेल तर आत्ताच द्या," काका म्हणाले. "मी काही विचारणार नाही."

 काकांची नजर चौघांवरून फिरली आणि भिंगवालीवर येऊन थांबली.



२

सगळा बाजार तिला भिंगवाली म्हणत असे. वडिलांची नजर गेली तेव्हापासून जिन्याखालचं त्यांचं दुकान ती एकटी चालवत होती. जुने कॅमेरे दुरुस्त करायचे, आणि त्याहून अवघड काम म्हणजे त्यांना नेमका फिल्टर शोधून द्यायचा. फिल्टर म्हणजे भिंगापुढे फिरवून बसवायची, धातूच्या कडीतली रंगीत काच. कृष्णधवल फोटोत आकाश पांढरंफटक येऊ नये म्हणून पिवळी, ढग अंगावर यावेत म्हणून लाल. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळातल्या प्रत्येक कारखान्याची तऱ्हा निराळी. माप जुळलं तरी आटे जुळत नाहीत, आटे जुळले तर कडीची उंची जुळत नाही. थोरल्याची मूळ पिवळी काच फार वर्षांपूर्वी हरवली होती. तिच्या जोडीची दुसरी शोधायला भिंगवालीला तीन वर्षं लागली होती, आणि ती सापडली म्हणूनच आजचा सौदा जुळला होता.

लोक आजोबांचा कॅमेरा तिच्या हातात ठेवत आणि चिठ्ठीसुद्धा न घेता निघून जात. हा विश्वास सोडला तर त्या दुकानात दुसरं काहीच नव्हतं. आणि या धंद्यात काकांचा शब्द म्हणजे शिक्कामोर्तब. 'हिच्या हाताखालून काच गेली' एवढं ते एकदा बोलले असते, की तिनं दुकानाला कुलूप लावून वडिलांच्या शेजारी बसायचं. ते तिला स्पष्ट दिसत होतं, आणि बाहेर पडायचं दार बंद होतं.

"आठवून बघू," पारखी म्हणाला. संग्रहालयानं तपासणीसाठी पाठवलेला हा माणूस साठीचा, सडपातळ आणि बोलायला मऊ होता. त्याच्या हातातली यादी एकसष्ट खुणांवर थांबली होती. "अडीच वाजता तुम्ही थोरला दाखवलात. तेव्हा काच होती. मी स्वतः पाहिली."

"होती. पावणेतीनला मी फोन घ्यायला बाहेर गेलो. दार उघडं, कपाटं उघडी. दहा मिनिटांनी परत आलो, पुढचे दोन कॅमेरे दाखवले आणि थोरल्याकडे वळलो तर त्याचं तोंड उघडं." काकांनी बोट रोखलं. "त्या दहा मिनिटांत कोण कुठं होतं?"

"मी इथंच, टेबलाशी पाठ करून यादी लिहीत होतो," पारखी म्हणाला. "डोळ्याला भिंग लावलं की मला मागचं काय, पुढचंही दिसत नाही."

"मी बाहेर बोलत होतो," पुतण्या म्हणाला. चाळिशीचा हा गृहस्थ सकाळपासून कानाला मोबाइल लावूनच वावरत होता. विक्री त्यानंच जमवली होती. "अधूनमधून आत डोकावलो असेन. आणि काका, एवढं काय त्या झाकणाचं? दुसरं घालू एखादं. पेटीभर पडलीत की!"

"झाकण!" काकांना 'झाकण' ऐकून अक्षरशः वेदना झाल्या. "वीस वर्षं माझ्या घरात येतोस आणि फिल्टरला झाकण म्हणतोस?"

"मी हात धुवायला गेले होते," भिंगवाली म्हणाली. "परत आले तेव्हा काकू कप गोळा करत होत्या. मग मी इथंच होते. थोरल्याजवळ."

शेवटचे दोन शब्द तिनं बोलायला नको होते. पण खोटं बोलायची सवय नव्हती, आणि असल्या वेळी ती कशी करायची हेही माहीत नव्हतं.

"आणि मी कप गोळा करत होते," काकू स्टुलावरून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर बिस्किटांची काचेची बरणी होती, दोन्ही हात तिच्याभोवती. त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.

काकांनी त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "पिशव्या उघडा," ते म्हणाले.

 भिंगवालीच्या पिशवीत एक पिवळा फिल्टर होता.

३

पारख्याच्या बॅगेत यादी, चष्मा आणि पोटाच्या गोळ्या निघाल्या. पुतण्याच्या खिशात दोन मोबाइल. भिंगवालीच्या कापडी पिशवीतून स्क्रूड्रायव्हरची गुंडाळी, सुती फडकी, रबरबँडचं पुडकं आणि मऊ कागदात बांधलेली पिवळी काच.

 ते यंत्र तेवढं घुं घुं करत राहिलं.

"वा," काका हळूच म्हणाले. "शाब्बास!"

"काका, ही ती नाही."

"मग काय आहे? सोनचाफा?"

"दिसायला तशीच आहे, माप तेच आहे, पण आटे वेगळे आहेत. शोधताना आधी ही हाती लागली होती. गिऱ्हाइकांना दाखवायला जवळ ठेवते, की नुसतं माप बघून भुलू नका." तिनं काच काकांपुढे धरली. "लावून बघा ना."

काकांनी थोरला उचलला. काच भिंगाच्या कडीवर ठेवून आधी उलटी फिरवली. आट्याला आटा लागला की बारीकसा टक् होतो, तो बोटांना कळेपर्यंत. मग सुलटी. दीड फेरा होताच काच अडली. काका थांबले. जाणता माणूस तिथं जोर करत नाही.

"नाही बसत," ते पुटपुटले.

भिंगवालीच्या जिवात जीव आला. पण तो फार वेळ राहिला नाही.

"म्हणजे खरी काढून तिच्या जागी ही ठेवायचा बेत होता," काका म्हणाले. "लांबून कुणाला कळलं असतं? गाडीत पेट्या चढल्या की झालं. वेळ पुरला नाही एवढंच. खरी कुठं टाकलीस?"

 आपल्याला सोडवील म्हणून जी गोष्ट तिनं पुढे केली तीच फास होऊन गळ्यात पडली होती. आणि गंमत अशी की काकांचं म्हणणं तर्काला धरून होतं. ती त्यांच्या जागी असती तर तिनंही हेच म्हटलं असतं.

"चार वाजेपर्यंत वेळ देतो. मग पोलिसांना बोलावतो," काका म्हणाले. "तोवर शोधा. हात धुतलेल्यांनीच शोधा."

४

शोध घेतला. सुट्या फिल्टरांची पेटी दोनदा ओतली. स्टुलं उलटी केली. यंत्राच्या मागे पुतण्याला हात घालावा लागला आणि तिथून त्यानं एक मेलेला कोळी आणि काकांचं सात वर्षांपूर्वी हरवलेलं पेन काढलं. काकांनी एकेक कॅमेरा स्वतः पाहिला. पिवळ्या काचा असलेले एकोणीस कॅमेरे; एकोणीसच्या एकोणीस काढून तपासल्या, ज्याची त्याची जागेवर. खालच्या कप्प्यातले कॅमेरे चामड्याच्या कव्हरांत होते. त्यांच्या पुढच्या झडपा उघडून त्यांनी आत डोकावलं. हिरवी, नारिंगी, लाल. धाकट्यावरची लाल काच पाहून त्यांनी झडप पुन्हा लावली, पण टिचबटण काही लागेना. दोनदा अंगठा दाबला.

"चामडं आखडलंय," ते वैतागून म्हणाले आणि झडप तशीच लोंबती सोडून पुढे गेले.

हवा जड झाली होती. यंत्र ओल ओढून घेत होतं, पण पाच माणसांची घुसमट ओढून घ्यायची सोय त्यात नव्हती. पुतण्यानं तिसऱ्यांदा किल्ली मागितली आणि तिसऱ्यांदा नकार घेतला. दार जाड असल्यामुळे त्याच्या मोबाइलला आत सिग्नल येत नव्हता. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तो फोन इकडेतिकडे फिरवत होता.

"निदान बिस्किटं तरी खाऊ," पारखी म्हणाला. "वहिनी, द्या इकडे."

त्यानं बरणी घेतली आणि झाकणाला हात घातला. झाकण फिरेना. त्यानं श्वास रोखून, दात आवळून पुन्हा जोर लावला. चेहरा लाल झाला.

"राहू द्या हो," पुतण्या म्हणाला, "काकूनं लावलेलं झाकण आहे ते. आमच्या घरात त्याला पैलवान बोलवावा लागतो. लोणच्याची बरणी तर एकदा फोडून उघडली होती."

"काकांना नाही उघडत?" भिंगवालीनं विचारलं.

"मला असल्या कामांना वेळ नसतो," काका म्हणाले.

काकूंनी बरणी परत घेतली, फडक्यात झाकण धरलं, मनगटाला एक झटका दिला आणि उघडली. प्रत्येकाच्या हातावर मोजून दोन बिस्किटं ठेवली आणि झाकण पुन्हा गच्च आवळून बरणी मांडीवर घेतली.

पारख्यानं बिस्किट चावत यादी चाळली. "बासष्ट आणि त्रेसष्ट राहिलेत. चव्वेचाळीस नंबरचं साल कोणतं म्हणालात?"

काका कपाळ चोळत राहिले. आज त्यांना काही आठवत नव्हतं.

"दुसऱ्या खेपेचा आहे तो, पहिल्या खेपेला मागचा पितळी पत्रा नव्हता," काकू म्हणाल्या. "तिसरा कप्पा, डावीकडून चौथा."

पारख्यानं उठून पाहिलं. पितळी पत्रा होता.

भिंगवालीनं तोंडाशी नेलेलं बिस्किट तिथंच थांबलं. तिला आठवलं, अडीच वाजता थोरला दाखवताना काकांनी पारख्याला नेहमीचं व्याख्यान दिलं होतं. हा मला सासऱ्यांकडून मिळाला, त्यांचा स्टुडिओ होता, इथपासून सुरुवात. मग पिवळा काय करतो, लाल काय करतो. "आणि मौज म्हणजे लालखाली पिवळा ठेवलात तर पिवळा दिसतच नाही! लाल त्याला गिळून टाकतो. समोरून कितीही बघा, नुसता लाल." पारखी हसला होता. पुतण्या तेव्हा बाहेर बोलत होता. आणि काकू चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभ्या होत्या, कुणी जागा करून देईल म्हणून.

घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती.

"काका," भिंगवाली उभी राहिली, "मला ती काच कुठं आहे ते कळलंय."

५

"ही खोली तुम्ही कधी केलीत?" तिनं विचारलं.

"बावीस वर्षं झाली. काच कुठंय ते बोल."

"बावीस वर्षांत इथं एक तरी चामडं आखडलंय? त्यासाठीच तर हे यंत्र. मग आज दुपारीच धाकट्याच्या कव्हराचं टिचबटण लागेनासं कसं झालं? चामडं आखूड झालं नाही काका, आतला ऐवज लांब झालाय."

काका दोन पावलांत खालच्या कप्प्याशी पोहोचले. धाकटा बाहेर काढला. समोरून लाल काच, नेहमीसारखी. बाजूनं पाहिलं तर भिंगापुढे एका कडीऐवजी दोन कड्या.

"दोघांचे आटे एकच," ती म्हणाली. "थोरल्याची काच धाकट्याला बसते. तुम्ही पिवळ्या काचा तपासल्यात. लाल कुणी तपासतं का?"

काकांनी लाल काच फिरवली. ती हलेना. त्यांनी बोटं बदलली. तरी हलेना.

"द्या इकडे. जोर करू नका, कडी दबली की आणखी रुतते." तिनं पुडक्यातला एक रबरबँड कडीभोवती गुंडाळला आणि नुसत्या बोटांच्या टोकांनी, हळूहळू, फिरवलं. कुरकुरत लाल निघाली. खाली पिवळी होती. तीही तितकीच आवळलेली. ती निघाली तेव्हा पारख्यानं टाळी वाजवली आणि पुतण्या म्हणाला, "चला, सुटलो! उघडा दार."

"थांब," काका म्हणाले. त्यांनी काच घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, थोरल्यावर लावली. दोन फेरे, हलक्या हातानं. मग भिंगवालीकडे वळले. "लपवणाऱ्यालाच जागा सापडते. हे डोकं या घरात तुझ्याशिवाय कुणाचं चालणार?"

ती सुटलीच नव्हती. काच सापडली होती, पण तिच्यावरचा आळ होता तिथंच होता, उलट पक्का झाला होता. तिला रडू आलं असतं, पण त्याआधी रागच आला.

"माझं नाही काका. माझ्या हाताला कुणी असं आवळायला शिकवलंच नाही. तुम्ही आत्ता लावलीत ती कशी लावलीत? आधी उलटी फिरवून टक् ऐकलात, मग दोन फेरे, आणि सोडून दिलीत. मीही तशीच लावते. हे पारखीसाहेबही झोपेत लावतील तर तशीच लावतील. ज्यानं आयुष्यात दहा फिल्टर लावले त्याला माहीत असतं की आवळला तर निघताना जीव घेतो. म्हणजे हा हात आपल्या तिघांपैकी कुणाचा नाही."

"मग माझा?" पुतण्या ओरडला. "मी कशाला—"

"तुमचा नाही. तुम्ही याला झाकण म्हणता. लालखाली पिवळा दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, ते काकांनी सांगितलं तेव्हा तुम्ही बाहेर होतात. ज्यानं हे केलं त्याला सगळं माहीत होतं. कुठली काच कुणाला बसते, लाल काय गिळतो, सगळं. फक्त त्यानं कधी..." इथं ती अडखळली. आपण काय बोलणार ते तिला तोवर नीटसं दिसलं नव्हतं. आता दिसलं. "फक्त त्याला कधी हात लावू दिला नव्हता."

पुढचं वाक्य तयार होतं. ते बोललं की दुकान वाचत होतं. आणि ज्या बाईनं तीन वर्षं दर खेपेला, कुणी न सांगता, तिच्या कपात साखर कमी घातली होती, ती त्या लोखंडी दाराच्या आत कायमची अडकत होती. भिंगवालीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

 मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या. फडकं, बरणी आणि तिच्यावर गच्च बसलेलं झाकण.

६

"तिला कशाला कोड्यात टाकताय," काकू म्हणाल्या. "मी ठेवली ती काच."

काका हसले. खरंच हसले. "तू? तुला काय कळतंय त्यातलं?"

"बावीस वर्षं चहा घेऊन दाराशी उभी राहते मी. प्रत्येक पाहुण्याला तुम्ही तेच सांगता. भिंतीलासुद्धा पाठ झालं असेल."

"पण का?"

"थोरला माझ्या वडिलांचा आहे."

"त्यांनी मला दिला!"

"त्यांनी आपल्याला दिला," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "त्यांच्या स्टुडिओत मी शेजारी उभी असायची. ते फिल्म भरत तोवर पिवळी काच काढून माझ्या हातात देत. त्यातून बाहेर बघितलं की ढगाळ दिवशीही ऊन पडल्यासारखं वाटायचं. मोठी झालीस की कॅमेरा शिकवीन म्हणाले होते. मग लग्न झालं, मग ते गेले. आणि तुम्ही ती पाटी लावलीत. मी म्हटलं, हात धुऊन येते. तुम्ही म्हणालात, तुझे हात नेहमी ओलेच असतात, नको. बावीस वर्षं माझे हात ओलेच होते. बाकीचे बासष्ट खुशाल विका. पण हाही विकायचा का, एवढं विचारलंत मला कधी?"

  काकांनी गळ्यातली किल्ली चाचपली.

काकू भिंगवालीकडे वळल्या. "तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं गं मला. काच खोलीतच आहे, चोरी कुठली, असं मनाशी म्हणत होते. अट मोडली की गाडी परत जाईल, एवढाच हिशेब. तुझी पिशवी उघडली तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. भ्याले. माफ कर."

"पण काकू," भिंगवालीनं विचारलं, "धाकट्यावर कशाला लावलीत? काच सरळ घेऊन जायचीत. तुमच्या हातातल्या ट्रेकडे कुणी बघितलंही नसतं."

"ती तू शोधून आणलेली. माझी नव्हे. ती कशी बाहेर नेऊ?" काकूंनी बरणी उचलली. "माझी माझ्याजवळ आहे."

फडकं, झटका, झाकण उघडलं. त्यांनी उरलेली बिस्किटं ट्रेमध्ये ओतली. तळाशी मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते उलगडलं. एक पिवळी काच. कडीवर सुईनं कोरलेलं स्टुडिओचं चिन्ह, तेच जे थोरल्याच्या तळाशी होतं.

"ही... ही हरवली होती," काका म्हणाले. "अख्खं घर पालथं घातलं होतं मी. तुझी कपाटंसुद्धा."

"कपाटं पालथी घातलीत. बरणी उघडायला तुम्हाला वेळ नव्हता. तेव्हापासून रोज चहाबरोबर तुमच्यासमोर आणून ठेवते."

पारख्याला खोकला आला की हसू, ते कळलं नाही. भिंगवाली मटकन स्टुलावर बसली. एका काचेसाठी तिनं तीन वर्षं अर्धं जग पालथं घातलं होतं, आणि त्या तीन वर्षांत या खोलीत तिनं त्याच बरणीतली निदान शंभर बिस्किटं खाल्ली होती.

पारख्यानं यादी पुढे ओढली, पहिल्या नंबरावर पेन टेकवलं आणि अतिशय मऊ आवाजात विचारलं, "एक नंबरच्या पुढे मालकाची सही लागते. कुणाची घेऊ?"

काकांनी बायकोकडे पाहिलं.  मग म्हणाले, "तो नंबर खोडा."

"अट?"

"अट यादीतल्या कॅमेऱ्यांना. यादीत नाही त्याला कसली अट?" ते भिंगवालीकडे वळले, तिच्या डोळ्यांकडे न बघता. "आणि तू... बाजारात मी स्वतः सांगेन. आज काय झालं ते, सगळं. माझं चुकलं तेसुद्धा."

"सांगा," ती म्हणाली. नाही म्हणायचा मोठेपणा तिला परवडणारा नव्हता.

तिनं थोरल्यावरची काच काढून मऊ कागदात बांधली आणि कॅमेरा काकूंच्या हातात दिला. काकूंनी वडिलांची काच कडीवर ठेवली आणि सवयीनं मूठ वळवली.

"हलक्या हातानं, काकू. आधी उलटी. टक् झालं?"

"झालं."

"आता सुलटी. दोन फेरे. सोडा."

"एवढंच? पडणार नाही?"

"नाही पडत."

काकूंनी हात सोडला. काच जागेवर राहिली. त्यांनी दुसरा हात पुढे केला, आणि काकांना वाटलं त्यांना कव्हर हवंय. पण त्यांना किल्ली हवी होती. काकांनी दोरी डोक्यावरून काढून दिली. काकूंनी कुलूप उघडलं. दार ढकलताच बाहेरची साधी, दमट, स्वयंपाकघराच्या वासाची हवा आत आली. पुतण्याचे दोन्ही मोबाइल एकदम वाजायला लागले.

बाहेरच्या उजेडात काकूंनी कॅमेरा डोळ्याशी नेला. "यात फिल्म मिळते का गं अजून?"

"मिळते. मी आणून देईन."

काका मागोमाग आले होते. कॅमेरा असा उघड्यावर, उन्हात पाहून त्यांना राहवेना. बावीस वर्षांची सवय होती. ते सावरून धरायला हात पुढे करून म्हणाले, "अगं, जपून, दे इकडे—"

काकूंनी कॅमेरा छातीशी धरला आणि त्यांच्या हातांकडे पाहिलं. यंत्रामागची धूळ, बिस्किटाचा चुरा, सगळं होतं त्यावर.

"हात धुतलेत?" त्यांनी विचारलं.

काका क्षणभर थांबले, आणि हात धुवायला गेले.